बायचुंग भुतिया नाचला तेव्हा, आणि आता आमचा सेंटर फॉरवर्ड

वैनगंगाकाठ

नमस्कार मंडळी. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवतो आणि गावच्या पोरांचा फुटबॉल संघ सांभाळतो. सध्या गावात एकाच विषयावरून वाद पेटला आहे. तो इथे मांडल्याशिवाय मला राहवत नाही.

आमचा सेंटर फॉरवर्ड अकरावीत आहे. यंदा शालेय स्पर्धेत तालुका जिंकून जिल्ह्याला गेलो ते बरंचसं त्याच्या जिवावर. हाच पोरगा नाचतोही सुंदर. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या गावजत्रेच्या, रात्री त्याने शाळेतल्या मुलांना घेऊन एक नाच बसवला होता. तो वडसाच्या एका नाटक कंपनीच्या माणसाने पाहिला आणि या मोसमासाठी त्याला मागून घेतलं. घरी दोन एकर धान, त्यातलं निम्मं परतीच्या पावसात झोपलं. आईने लगेच हो म्हटलं. वडिलांचं मन होत नाही. आणि क्रीडा मंडळातल्या मोठ्या मंडळींनी तर निकालच देऊन टाकला : एक तर मैदान धर, नाही तर स्टेज. नाच्याला आम्ही संघात घेणार नाही.

बैठकीत मी त्यांना फुटबॉलपटू बायचुंग भुतियाचं उदाहरण दिलं. अर्ध्या लोकांना तो नाचला होता हेच माहीत नव्हतं. म्हणून सविस्तर लिहितो.

2009 साली 'झलक दिखला जा'चा तिसरा मोसम झाला. मूळ कार्यक्रम इंग्लंडमधल्या बीबीसीचा, त्याची ही हिंदी आवृत्ती. नावाजलेल्या माणसाला एक व्यावसायिक नृत्यदिग्दर्शक जोडीला द्यायचा, आठवडाभरात नवा नाच बसवायचा, परीक्षक गुण देणार आणि लोक मतं देणार. समोर परीक्षक म्हणून सरोज खान, वैभवी मर्चंट आणि जुही चावला. बायचुंग तेव्हा 32 वर्षांचा, भारतीय संघाचा कर्णधार, आदल्याच वर्षी पद्मश्री मिळालेला. जोडीला सोनिया जाफर. बाकीचे बहुतेक स्पर्धक टीव्ही आणि सिनेमातले, कॅमेऱ्याची सवय असलेले. त्यांच्यात हा सिक्कीमच्या तिनकिताम गावचा, शेतकरी आईबापाचा मुलगा. आणि तो जिंकला. अंतिम फेरीत गौहर खानसारखी नाचणारी समोर असताना जिंकला.

त्याचं पुढे काय झालं, हे मला आमच्या मंडळाला सांगायचं आहे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दिल्लीत नेहरू करंडक झाला. अंतिम सामन्यात भारताने सीरियाला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवलं आणि करंडक राखला. कर्णधार बायचुंगच होता. उन्हाळ्यात नाचलेले पाय पावसाळ्यात देशासाठी धावले.

आता सांगा, आमच्या पोराला कुठल्या तोंडाने म्हणायचं की तू नाचलास म्हणून तुझा खेळ बाटला?

दर्यापूरकर

सर, तुमच्या गावच्या लोकायले झालं काय? आमच्या इकडे पोट्टे गणपतीत नाचते, वरातीत डीजेपुढे दोन-दोन वाजेलोक नाचते, तवा कोनी काही म्हनत नाही. तेच पोट्टं स्टेजवर गेलं, चार पैशे घरी आनले, का लगेच घरान्याची इज्जत जाते. काहून बावा? फुकट नाचलं तं मर्द अन् पैशे घेतले तं नाच्या, हे कोनतं गनित हाये?

मी सोता कबड्डी खेडलो हावो. आमच्या टीमचा सगळ्यात चपळ रेडर भजनी मंडळात पावली खेडे. त्याचा पाय कोनाच्या हाती लागे नाही.

राइटआऊट

मी कामठीचा. आमच्या गावात फुटबॉल किती जुना आणि किती जिवाभावाचा आहे ते वेगळं सांगायला नको. छावणीचं गाव, घरटी एक तरी खेळाडू. तेव्हा मला मनापासून काय वाटतं ते लिहितो, राग मानू नये.

बायचुंगचं उदाहरण इथे लागू पडत नाही. तो 32 वर्षांचा होता. सगळं कमावून झालं होतं. 13 जुलै 1997 ला फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यात कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर सव्वा लाखाहून जास्त लोकांसमोर त्याने मोहन बागानवर तीन गोल मारले होते. 1999 मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबकडे गेला होता. एवढी शिदोरी बांधून झाल्यावर माणूस तीन महिने नाचला तर बिघडत नाही. तुमच्या पोराची अजून शिदोरीच बांधायची आहे. सोळा-सतरा हे वय पाय घडण्याचं. या वयात रोज दोन तास चेंडू पायाशी नसेल तर पुढे काही होत नाही, हे मी पन्नास पोरं वाया गेलेली पाहून सांगतो.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. बायचुंग त्या वेळी मोहन बागानचा खेळाडू होता. क्लबाला ते नाचणं आवडलं नव्हतं. वाद झाला, आणि पुढे तो ईस्ट बंगालकडे गेला. म्हणजे त्यालाही किंमत मोजावी लागली.

वैनगंगाकाठ

@राइटआऊट, राग कशाचा? तुमच्यासारख्या माणसाने लिहावं म्हणूनच धागा काढला. क्लबाशी बिनसलं हे खरं आहे.

पण शिदोरीचं म्हणता तर बायचुंगची सुरुवातही बघा. घरच्यांना त्याचा खेळच मुळात पसंत नव्हता, काकाने जोर लावला. नवव्या वर्षी साईची (भारतीय क्रीडा प्राधिकरणाची) शिष्यवृत्ती मिळून तो गंगटोकच्या ताशी नामग्याल अकादमीत गेला. आणि मोठ्या लोकांच्या नजरेत भरला तो 1992 च्या सुब्रतो करंडकात, सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून. भारताचे माजी गोलरक्षक भास्कर गांगुली यांनी त्याला तिथे हेरलं आणि कोलकात्याची वाट दाखवली. सुब्रतो म्हणजे आपल्या शाळा तालुक्यापासून खेळतात तीच स्पर्धा. आमचा पोरगा त्याच रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या मैलावर उभा आहे. मंडळाने संघाबाहेर काढला तर तो रस्ताच बंद होतो. मला भीती त्या बंद होण्याची आहे. नाचण्याची नाही.

पिट्सबर्गहून

मूळचा वणीचा, सध्या मुक्काम पिट्सबर्ग. इथला फुटबॉल म्हणजे हाताने फेकायचा, अंगावर चिलखत घालून खेळायचा, ते आपणा सर्वांना माहीत आहेच. पण या विषयावर त्यांचा अनुभव आपल्याहून मोठा आहे, म्हणून लिहितो.

बीबीसीच्या त्याच कार्यक्रमाची अमेरिकन आवृत्ती 'डान्सिंग विथ द स्टार्स' 2005 पासून सुरू आहे आणि तिच्यात फुटबॉलवाल्यांनी धुमाकूळ घातला आहे. 2006 मध्ये आधी जेरी राइस दुसरा आला. त्याच वर्षी पुढच्या मोसमात एमिट स्मिथ जिंकला. हा माणूस म्हणजे चेंडू घेऊन धावण्यात या खेळाच्या इतिहासात सर्वात पुढे, 18,355 यार्ड. अंतिम फेरीत समोर मारिओ लोपेझ हा अभिनेता होता, पावलांच्या शुद्धतेत बहुधा सरसच. पण एमिट स्मिथ नाचताना आनंदात असायचा आणि ते प्रेक्षकांना घरबसल्या कळायचं. पुढे 2012 मध्ये डोनाल्ड ड्रायव्हर, 2017 मध्ये रशाद जेनिंग्ज.

आमच्या गावचा हीरो हाइन्स वॉर्ड. 2011 च्या वसंतात तो जिंकला तेव्हा निवृत्त झालेला नव्हता, इथल्या स्टीलर्स संघाकडून खेळत होता. त्यानंतरच्याच मोसमात, 1 जानेवारी 2012 ला, त्याने कारकिर्दीतला हजारावा झेल घेतला. वय झालं होतं, धार कमी झाली होती आणि तो मोसम त्याचा शेवटचा ठरला, हे मान्य. पण नाचण्याने तो मैदानातून उठला असं इथे कोणी म्हणत नाही.

@राइटआऊट यांच्या वयाच्या मुद्द्याला उत्तर मात्र वॉर्डकडे नाही, लिन स्वानकडे आहे. तोही स्टीलर्सचाच, 1970 च्या दशकातला. लहानपणापासून नृत्य शिकला, बॅले शिकला. घडत्या वयातच. आणि जानेवारी 1976 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, चार झेलांत 161 यार्ड काढून सामनावीर झाला. त्या झेलांची चित्रफीत बघा. प्रतिस्पर्धी अंगाला लटकलेला, हा हवेत, पाय जमिनीला टेकेपर्यंत चेंडूवरून नजर हलत नाही. उडी मारून तोल न जाता खाली येणं तो नाचात शिकला होता.

आणखी एक. हे खेळाडू तिथे नाचू शकतात कारण त्यांचं वेळापत्रक जमतं. इथला फुटबॉल सप्टेंबर ते फेब्रुवारी, आणि तो कार्यक्रम कित्येक वर्षं मार्च ते मे असाही व्हायचा. बायचुंगचं क्लबाशी वाजलं त्यामागे तारखाही असणार, असं मला वाटतं. तेव्हा सर, तुमच्याकडच्या तारखा काय म्हणतात ते आधी बघा.

नाटकवेडा

तारखांचं मी सांगतो, कारण मी बारा गावचं पाणी प्यालेला झाडीपट्टीचा, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या रंगभूमीचा, नट आहे.

आमचा मोसम भाऊबीजेनंतर उघडतो. धान कापून, बांधून झालं की गावोगाव मंडई, मग शंकरपट (बैलांच्या शर्यती), आणि प्रत्येक गावात रात्री नाटक. होळीपर्यंत चालतं, पुढेही थोडं रेंगाळतं. शाळांच्या स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात आणि तालुका-जिल्हा दिवाळीच्या आधी उरकतो. म्हणजे सरांच्या पोराची शाळेची मॅच आणि आमची नाटकं यांची टक्कर फारशी होतच नाही. होते ती हिवाळ्यातल्या गावोगावच्या बक्षिसाच्या टुर्नामेंटशी. तिथे मंडळाला पोरगा हवा असतो. खरं दुखणं तिथे आहे का, ते सरांनी तपासावं.

पण मी कंपनीची बाजू घेतोय असं समजू नका. नाटक रात्री दहाला उघडतं आणि पहाटे चार-पाचला पडदा पडतो. नाचाची गाणी मध्ये मध्ये येतात. लोकांनी वन्समोअर दिला की पुन्हा. दोन गाण्यांच्या मधल्या वेळात पोरगा घामाने ओला, वर कडाक्याची थंडी, अंगावर एक शाल टाकून पडद्यामागे बसून राहतो. मग टेम्पो. दुसऱ्या दिवशी दुसरं गाव, पन्नास-साठ किलोमीटर. असं सलग चाललं तर अकरावीचा पोरगा फुटबॉल काय, धड पुस्तकही उघडणार नाही. मी स्वतः शाळा अशीच सोडली. माझं निभावलं, माझ्याबरोबरच्या काहींचं नाही.

आणि 'नाच्या' म्हणून हिणवणाऱ्यांना एवढंच सांगा की याच रंगभूमीवर आयुष्य घालवणाऱ्या गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. बायचुंगला मिळाली तीच पद्मश्री.

दर्यापूरकर

हे मस्त सांगतलं भाऊ. दोघायचीबी पद्मश्री एकच.

भुलाबाई

वर्धा जिल्ह्यातून लिहिते. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळले आहे, आता दोन मुलींची आई आहे.

सगळी चर्चा वाचली. सगळ्यांनी मनापासून लिहिलं आहे. पण या सगळ्यात मुलगी कुठेच नाही. आमच्याकडे उलटी तऱ्हा होती. अश्विनात भुलाबाईची गाणी म्हणत टिपऱ्या खेळायला आजी हौसेने पाठवायची. मैदानावर हाफ पँट घालून गेले की तीच आजी दोन दिवस बोलायची नाही. म्हणजे मुलाने नाचलं की इज्जत जाते, मुलीने खेळलं की जाते. पोरांनी आपल्या पायांचं काय करावं हे दुसरेच ठरवतात.

इंग्लंडची अ‍ॅलेक्स स्कॉट मला फार आवडते. आर्सेनलची बचावपटू. 2007 मध्ये युरोपच्या महिला क्लब स्पर्धेच्या अंतिम लढतीत, स्वीडनच्या उमेओ क्लबविरुद्ध, एकमेव गोल तिचा होता आणि तो शेवटच्या क्षणी आला होता. 2019 मध्ये ती बीबीसीच्या मूळ कार्यक्रमात, 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग'मध्ये नाचली. मध्येच तिच्या जोडीदाराला दुखापत झाली, तर दुसऱ्या जोडीदाराबरोबर उभी राहिली. ती त्या झगमगत्या पोशाखात नाचताना बघितली तेव्हा माझ्या मोठीने विचारलं, आई, ही खरंच फुटबॉल खेळायची? मी तिला तो उमेओचा गोल दाखवला. त्यानंतर पोरीने घरामागच्या भिंतीवर चेंडू मारायला सुरुवात केली ती अजून थांबलेली नाही.

सर, तुमच्या संघात मुली आहेत का?

राइटआऊट

@भुलाबाई ताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. आमच्याकडे मुली आता मैदानावर येतात, पण उशिरा यायला लागल्या.

@पिट्सबर्गहून, लिन स्वानची ती चित्रफीत बघितली. दोनदा बघितली. माझी मूळ शंका मात्र कायम आहे. तो बॅले शिकत होता, गुरूच्या हाताखाली, सकाळी, सावकाश. इथे पहाटे चारपर्यंत स्पीकरसमोर तीच दोन गाणी नाचायची आहेत. शिकणं आणि राबणं यात फरक आहे. पोराला नाच शिकवणार असाल तर मी तुमच्या बाजूने. पोराला रात्री राबवणार असाल तर मी नाही.

नृत्यशाळा

चंद्रपुरात मुलांना नृत्य शिकवते. फुटबॉल खेळणारे काही विद्यार्थी माझ्याकडे येऊन गेले, त्यावरून लिहिते.

फुटबॉल खेळणारा पहिल्या दिवशी कसा उभा राहतो ते मला दारातूनच कळतं. गुडघे वाकलेले, खांदे पुढे, नजर जमिनीवर. मैदानावर हे बरोबरच आहे, त्याला कुठूनही कुठेही पळायचं असतं. पण चा-चा-चासारख्या नाचात वजन पडताना गुडघा सरळ व्हावा लागतो, तेव्हाच कंबर हलते. त्याला ते जमत नाही. वर्षानुवर्षं एकाच पायाने शॉट मारून एका बाजूचा खुबा आखडलेला असतो. उजवीकडे गिरकी सुरेख घेतो आणि डावीकडे अडखळतो. हातांचं काय करायचं हे तर माहीतच नसतं, कारण आयुष्यभर हात लावू नको असंच ऐकलेलं.

पण काही गोष्टी तो घरूनच घेऊन येतो, ज्या मला इतर मुलांत महिनोन्‌महिने घालून रुजवाव्या लागतात. चूक दाखवली की तोंड वाकडं करत नाही. एकच पाऊल शंभर वेळा करायला लावलं तर करतो. जोडीदार कुठे आहे हे न बघता त्याला कळतं. आणि वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकणं! समोरच्याला डावीकडे जातोय असं भासवून उजवीकडे निघायचं, हे तुम्ही ड्रिबलिंगमध्ये करता आणि आम्ही तालात करतो. माझ्या एका विद्यार्थ्याची डावी गिरकी सुधारली तेव्हा त्याच्या कोचने मला फोन करून विचारलं, हा डाव्या पायाने कधीपासून वळायला लागला?

त्यामुळे राइटआऊट काकांशी मी सहमत आहे. शिकू द्या. आणि वैनगंगाकाठ सर, पोरगा सध्या बघून बघून नाचत असेल. त्याला कोणी अंग सैल करायला, नाच झाल्यावर स्नायू ताणायला शिकवलं आहे का? त्याशिवाय रात्रभर नाचवणं धोक्याचं आहे.

रेला

एटापल्लीकडचा आहे. थोडंच लिहितो.

आमच्याकडे नाचणारा आणि न नाचणारा अशी विभागणीच नाही. सण असला, लग्न असलं की रेला. पोरं-पोरी एकमेकांचे हात धरून ओळीत, ढोलावर, रात्र सरेपर्यंत. लहान मूल आईच्या कमरेवर असतानाच पावलं शिकतं. ज्या गावात मी वाढलो तिथली पोरं जंगलात अनवाणी पळतात आणि रात्री नाचतात, आणि आश्रमशाळेच्या मैदानावर चेंडू दिला की चांगलं खेळतात. त्यांना कोणी विचारत नाही की तू नाचणारा की खेळणारा. तुमच्या मंडळातल्या लोकांना एकदा आमच्याकडे पाठवा, दोन्ही बघून जातील.

सांधेवाला

भंडाऱ्यात फिजिओथेरपी करतो. मंडळात इज्जतीवर बोलणं चाललंय तेव्हा मला त्या पोराच्या घोट्याची काळजी लागली आहे.

स्टेज म्हणजे बहुतेक ठिकाणी फळ्या आणि त्यावर ताडपत्री किंवा सतरंजी. दोन फळ्यांमध्ये फट, कुठे एखादी फळी वर आलेली. अंधारातून एकदम प्रखर दिव्यात यायचं. अशा जमिनीवर उडी मारून उतरताना घोटा आत वळतो. बाहेरच्या बाजूचा लिगामेंट ताणला जातो. पोरं हळद-तेल लावतात, गरम पट्टी बांधतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नाचतात. एकदा नीट न भरलेला घोटा वारंवार वळतो. फुटबॉलवाल्यासाठी हे फार वाईट. पिट्सबर्गहून यांनी हाइन्स वॉर्डचं लिहिलं, त्याच मोसमात सराव करताना एक उचल फसली आणि त्याची जोडीदार किम जॉन्सन मानेवर पडली, दवाखान्यात न्यावं लागलं. सुदैवाने ती परत उभी राहिली. तिथे दवाखान्यात नेता तरी आलं. आपल्याकडे पहाटे तीनला आडगावात कोण असतं?

नाचू नको असं मी म्हणत नाही. पण या गोष्टी करून घ्या. नाचाआधी दहा मिनिटं अंग गरम करणं, थंडीत तर नक्कीच. रोज एका पायावर उभं राहण्याचा सराव, आधी डोळे उघडे, मग मिटून. हे घोट्यासाठी औषध आहे आणि फुकट आहे. नाचात रबरी तळव्याचे बूट, स्टडचे बूट नकोत आणि अनवाणी तर नकोच. सलग दोन रात्रींच्या वर नाच नको. आणि झोप. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला आठ-नऊ तास झोप लागते. ती कमी पडली की पाय उशिरा हलतात आणि दुखापत होते. नाटकवेडा यांनी जे वेळापत्रक लिहिलं तसं सलग चाललं तर मी वडिलांच्या बाजूने.

दर्यापूरकर

म्हंजे आता झगडा नाचाचा रायलाच नाही. झगडा झोपीचा हाये.

सर, कंपनीवाल्याशी तुमीच बोला. पोट्ट्याच्या मायले बोलू देजा नका, ते गरजेपायी हो म्हनन. अन् पैशे किती, कवा देनार, गाडीभाडं कोनाचं, हे कागदावर घ्या.

नाटकवेडा

दर्यापूरकर बरोबर बोलले. चांगल्या कंपन्या ऐकतात. शनिवार-रविवारचीच नाटकं द्या, परीक्षेच्या महिन्यात नाही, आणि 'डान्स हंगामा' या नावाखाली वाट्टेल ते नाचायला लावायचं नाही, एवढं आधी बोलून घ्या. माझ्या माहितीतल्या दोन-तीन जणांशी मी बोलतो. नाव इथे लिहीत नाही, तुम्ही मला व्यक्तिगत निरोप पाठवा.

पिट्सबर्गहून

माझ्याकडून एक करता येईल. संघासाठी बुटांचे काही जोड पाठवतो. मापं कळवा.

वैनगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल पुन्हा मंडळाची बैठक झाली. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे प्रतिसाद मी तिथे मोठ्याने वाचून दाखवले. राइटआऊट काकांचा 'शिकणं आणि राबणं' हा भाग वाचला तेव्हा पोराचे वडील, जे आतापर्यंत भिंतीला टेकून गप्प बसले होते, ते पहिल्यांदा बोलले. म्हणाले, मला नाचाची लाज नाही, मला पोरगा आजारी पडायची भीती वाटते. मी त्यांना इतके दिवस ओळखतो, पण लोक काय म्हणतील याला ते भितात असंच सगळे धरून चालले होते.

मंडळाच्या अध्यक्षांनी नाटकवेडा यांचा मुद्दाही कबूल केला. जानेवारीतल्या दोन टुर्नामेंटसाठी त्यांना पोरगा हवा आहे. त्या तारखा त्यांनी लिहून दिल्या आहेत. बाकीच्या दिवसांना हरकत नाही, पण कंपनीने तारखा आधी कळवाव्यात, असं ठरलं. दोघा-तिघांना हे अजूनही पटलेलं नाही आणि ते तसं स्पष्ट बोलले. त्यांच्यातला एक माझा जुना सहकारी आहे. त्याच्याशी मी बोलत राहणार आहे.

वडिलांनी होकार अजून दिलेला नाही. कंपनीवाल्याला भेटल्याशिवाय देणार नाहीत आणि मला ते योग्य वाटतं. या शनिवारी तो माणूस गावी येतोय. सलग दोन रात्रींच्या वर नाच नाही, फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षेआधी सुटी, गाडीने घरपोच आणि पैसे आईच्या खात्यात, एवढं कागदावर मागणार आहे. पोराला मी विचारलं, तुला स्वतःला काय हवं? तो म्हणाला, सर, मला दोन्ही हवं. मग थोडं थांबून विचारलं, बायचुंग सरावाला केव्हा जायचा, सकाळी की संध्याकाळी? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कोणाला माहीत असेल तर सांगा, त्याला फार उत्सुकता आहे.

@भुलाबाई ताई, नाही, आमच्याकडे मुलींचा संघ नाही. आठवी-नववीच्या मुली मधल्या सुट्टीत खेळतात, चांगल्या खेळतात. तुमचा प्रश्न वाचल्यावर मुख्याध्यापकांना भेटलो. पुढच्या पावसाळ्यात मुलींच्या गटातही शाळेचं नाव द्यायचं ठरलं आहे. तुम्ही एखाद्या सुट्टीत येऊन त्यांच्याशी बोलाल का?

भुलाबाई

नक्की येईन. मोठीलाही घेऊन येते, तिला खेळायला मुली हव्याच आहेत.

नृत्यशाळा

आणि डावी गिरकी माझ्याकडे. पोराला महिन्यातून एका रविवारी चंद्रपूरला पाठवा, फी नको. येताना फुटबॉलचेच मोजे घालून यायला सांगा, फरशीवर पाय किती सरकतो ते मला बघायचं आहे.

सांधेवाला

शनिवारी मीही येतो, लाखांदूरमार्गे दोनेक तासांत पोचतो. स्टेजची उंची आणि फळ्या कशा आहेत ते त्या माणसाला विचारायचंय. क्रेप बँडेज मी आणतो, तुम्ही पोराच्या डाव्या घोट्याचा फोटो आधी पाठवा. मंडईच्या व्हिडिओत तो उडी मारून उतरताना डावा पाय जपताना दिसतोय. आधी कधी वळला होता का, विचारून ठेवा.

वैनगंगाकाठ

विचारलं. गेल्या पावसाळ्यात वळला होता, त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. फोटो पाठवला आहे. या शनिवारी.